फोटो काय दाखवतो आणि आपण काय पाहतो

आपल्या समाजात दर्शनी भिंतीवर तथागतांची व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर नाही असे घर शोधून सापडणार नाही. सकाळी उठल्यावर पहिला नमस्कार तिलाच होतो. परंतु ज्या वस्तूकडे आपण रोज पाहतो तिच्याकडे आपण नीट पाहत नाही, हाही सर्वांचाच अनुभव आहे. मागे एकदा विहारात रविवारच्या वर्गाला आलेल्या मुलांना आम्ही फोटोकडे पाठ करून बसविले आणि विचारले, "भिंतीवरच्या फोटोत बाबासाहेबांच्या कोटाचा रंग कोणता?" सगळी मुले एका सुरात ओरडली, "निळा!" त्या भिंतीवरचा फोटो कृष्णधवल होता. त्यात निळाच काय, कोणताच रंग नव्हता.

मुले हसली, आम्हीही हसलो. पण घरी जाताना तो प्रसंग मनातून जाईना. मुलांनी खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. त्यांनी निळा कोट पाहिलेला आहे. कॅलेंडरवर, पुतळ्यावर, जयंतीच्या फलकावर. तो निळा रंग कॅमेऱ्याने दिलेला नसून मागाहून रंगविणाऱ्या चित्रकारांनी व आपण सर्वांनी मिळून दिलेला आहे. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा, म्हणून चळवळ निळी, म्हणून चळवळीच्या नेत्याचा कोट निळा. हा रंग खोटा आहे काय? आमच्या मते नाही. तो आपल्या प्रेमाचा रंग आहे. मात्र तो फोटोतला नाही, आपला आहे, एवढे समजले पाहिजे. फोटोत काय आहे आणि आपण त्यात काय घातले आहे, हे वेगळे करून पाहण्याची सवय लागावी म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय घेतला आहे.

"कॅमेरा खोटे बोलत नाही" असे लोक म्हणतात. ते अर्धे खरे आहे. कॅमेरा हे प्रकाश टिपणारे यंत्र आहे. वस्तूवरून परतलेला प्रकाश भिंगातून आत येतो आणि पूर्वीच्या काळी काचेवर, पुढे फिल्मवर व आता इलेक्ट्रॉनिक पटलावर त्याची खूण उमटते. परंतु तो कॅमेरा कोणीतरी हातात धरलेला असतो. कोठे उभे राहायचे, कोणत्या क्षणी बटण दाबायचे, चौकटीत काय घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे तो मनुष्य ठरवितो. आपल्या सभांचेच पाहा. व्यासपीठासमोर पहिल्या चार रांगा भरलेल्या असतील आणि मागचे मैदान मोकळे असेल, तर जवळून काढलेल्या फोटोत "प्रचंड जनसमुदाय" दिसतो. तीच सभा मागच्या बाजूने, उंचावरून टिपली तर मोकळ्या खुर्च्या दिसतात. दोन्ही फोटो त्याच सभेचे, दोन्ही खरे. दुसऱ्या दिवशी कोणता छापून येणार यावर मात्र सभा यशस्वी झाली की फसली हे ठरते. वक्त्याचा फोटो खालून काढला तर तो उंच व करारी वाटतो, वरून काढला तर बापुडवाणा वाटतो. स्टुडिओत बसणाऱ्या आमच्या फोटोग्राफर मित्रांना यात नवीन काहीच नाही. ते लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीची उंची अशीच सांभाळून घेतात.

हे झाले फोटो काढणाऱ्याचे. पाहणाऱ्याचे काय? इथे तथागतांच्या शिकवणीची आठवण होते. मनुष्य म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांचा समुच्चय, हे वर्षावासात आपण दरवर्षी ऐकतो. त्यातील संज्ञा म्हणजे काय, असे विचारले तर बरेच उपासक गोंधळतात. साध्या शब्दांत सांगायचे तर समोर आलेल्या गोष्टीला "हे अमुक आहे" असे ओळखून नाव देणारी मनाची क्रिया म्हणजे संज्ञा. संयुत्त निकायातील एका सुत्तात भगवंतांनी पाचही स्कंधांना पाच उपमा दिल्या आहेत. रूपाला फेसाच्या गोळ्याची, वेदनेला पावसाच्या बुडबुड्याची, संस्कारांना केळीच्या गाभ्याची, विज्ञानाला जादूगाराच्या खेळाची, आणि संज्ञेला मृगजळाची.

मृगजळ पाहायला आपल्या उमरग्याच्या माणसाला रानात जायला नको. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर चैत्र-वैशाखात भर दुपारी उभे राहावे. पुढे डांबरावर पाणी साचले आहे असे स्पष्ट दिसते, त्यात समोरून येणाऱ्या ट्रकची सावलीही हलते. जवळ जावे तो पाणी आणखी पुढे सरकते. याचे कारण असे की, तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा पुष्कळ गरम व विरळ असते. आकाशाकडून खाली येणारा प्रकाश त्या थरात वाकतो आणि जमिनीकडून आल्यासारखा आपल्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे रस्त्यावर आपल्याला दिसते ते आभाळ असते. आता यातली खरी गंमत अशी की मृगजळाचा फोटो निघतो. कोणीही मोबाईलने काढून पाहावा. फोटोतही ते पाणी चकाकताना दिसते. प्रकाश खरोखरच तेथून आला, कॅमेऱ्याने तो खरोखरच टिपला. मग चूक कोठे झाली? "चकाकते आहे" येथपर्यंत चूक नाही. "पाणी आहे" असे म्हटले तेथे चूक झाली. ते म्हणणे डोळ्याचे नाही, भिंगाचेही नाही. ते संज्ञेचे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी, कॅमेऱ्याचा पत्ता नसताना, भगवंतांनी नेमकी हीच उपमा संज्ञेसाठी का निवडली असेल, हे तो फोटो हातात घेतल्यावर चांगले उमजते.

रशियात गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात कुलेशोव्ह नावाचे चित्रपट दिग्दर्शक होऊन गेले. त्यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो एकदा रश्शाच्या थाळीला, एकदा शवपेटीतील प्रेताला, तर एकदा सुंदर स्त्रीच्या दृश्याला जोडून दाखविला. पाहणाऱ्यांना तोच चेहरा एकदा भुकेला, एकदा दुःखी आणि एकदा अभिलाषी वाटला, असे सांगतात. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता. फोटोलाही असा शेजार असतो. त्याच्या खाली छापलेली ओळ हा त्याचा सर्वांत जवळचा शेजारी. ओळ बदलली की फोटो बदलतो.

आपल्या पूर्वजांना या ओळींनी फार छळले आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील जाती-जमाती व लोक यांचा एक ग्रंथ दोन भागांत, १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केला. फोटो दिसायला देखणे आहेत. अमुक जातीची माणसे अमुक ठिकाणी, आपापल्या पोशाखात उभी. पण त्यातील कितीतरी चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि मागचे देऊळ, तलाव किंवा रस्ता दुसरीकडचा आहे. दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र तयार केलेले. म्हणजे ती माणसे त्या जागी कधी उभीच नव्हती! तरी पाहणारा म्हणणार, "हे लोक असे राहतात." त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा चित्रसंग्रह काढला. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख हवी होती. त्यात फोटोसोबत त्या त्या जातीचा स्वभाव लिहून टाकला आहे. कोण राजनिष्ठ, कोण भांडखोर, कोण चोर. एका माणसाचा चेहरा, आणि त्याच्यासोबत अख्ख्या जातीचा निकाल. ज्याला समोर उभे केले त्याला विचारलेही नसेल. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी निजामाचे महाल, शिकारी, फौजा यांचे अप्रतिम फोटो काढून ठेवले आहेत. त्यांची कला मोठी, याबद्दल वाद नाही. पण अशा दरबारी फोटोंत मधोमध कोण बसले आहे याबरोबरच, कडेला उभा असलेला हुजऱ्या किंवा भोई कोण होता, हे आपण नाही विचारणार तर कोण विचारणार?

या जुन्या फोटोंनाच उलटा प्रश्न विचारणारी एक कलावंत आपल्या शेजारच्या कर्नाटकात आहे. तिचे नाव पुष्पमाला एन. जन्म १९५६, गाव बंगळूर. शिक्षण बडोद्याला, तेही शिल्पकलेचे. पुढे त्यांनी एक वेगळाच मार्ग धरला. स्वतःच वेश करून कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे आणि लोकांच्या डोळ्यांत बसलेल्या चित्रांची हुबेहूब नक्कल करायची. मुंबईत त्यांनी १९९६ ते १९९८ च्या दरम्यान बुरखेधारी नायिकेची एक फोटोकथा रचली, ती जुन्या स्टंटपटांच्या धर्तीवर. त्यानंतर २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासमवेत त्यांनी दक्षिण भारतातील स्त्रियांवर एक मोठी मालिका केली. तिचे नावच इंग्रजांच्या जातिवर्णनाच्या पुस्तकासारखे ठेवले. त्यात त्या कधी राजा रविवर्म्याची लक्ष्मी होतात. हे तेच रविवर्मा, ज्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि ज्यांच्या छापील चित्रांनी घराघरांतल्या देवांचे चेहरे ठरवून टाकले. कधी त्या वर्तमानपत्रात आलेल्या, पोलिसांनी पकडलेल्या स्त्रियांसारख्या पाटी धरून उभ्या राहतात. आणि कधी चौकटी-चौकटींच्या पडद्यापुढे उभ्या राहतात, कारण एकोणिसाव्या शतकात "आदिवासी" शरीराची मापे घेण्यासाठी माणसांना तशा पडद्यापुढे उभे करून फोटो काढीत असत.

बाई एकच. पण एका फोटोत आपण हात जोडतो, दुसऱ्यात संशयाने पाहतो, तिसऱ्यात नमुना म्हणून पाहतो. या कामातील मर्म हेच आहे. पाटी दिली की गुन्हेगार, कमळ दिले की देवी. पहिल्या भेटीत हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे, आम्हांलाही तसेच वाटले होते. परंतु ज्या समाजाने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ही "पाटी" शतकानुशतके वागविली, त्याला हा खेळ समजायला जड जाऊ नये.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. अकोल्याचे सुधारक ओलवे हे नाव आपल्या तरुणांना ठाऊक असावयास हवे. जन्म १९६६. १९८८ पासून मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत छायाचित्रकार, २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या ऑल रोड्स छायाचित्र स्पर्धेतील चार मानकऱ्यांपैकी एक आणि २०१६ साली पद्मश्री. पण पुरस्कारांपेक्षा त्यांनी निवडलेला विषय मोठा आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे ते कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षे फिरले. जेथे वास सहन होत नाही म्हणून लोक रुमाल लावून निघून जातात तेथे ते थांबले. उघड्या हातांनी कचरा भरणारे, गटारात गळ्यापर्यंत उतरणारे, कचऱ्याच्या गाडीत उभे राहून शहर ओलांडणारे कामगार त्यांनी टिपले. त्या कामगारांच्या घरांपर्यंतही ते गेले. हे कामगार जवळजवळ सारे दलित. मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून दुष्काळात मुंबईस गेलेल्यांची मुले-नातवंडे त्यांत आहेत. आपल्याकडील कितीतरी घरांत "आमचे मामा मुन्शिपाल्टीत होते" हे वाक्य ऐकू येते. त्याचा अर्थ काय होता, तो या फोटोंत आहे.

हे फोटो कृष्णधवल आहेत. का, याचा विचार आम्ही बराच केला. रंगीत फोटोत कचऱ्याचे रंग डोळ्यांत भरतात. प्लास्टिकची लाल-पिवळी पिशवी माणसाच्या चेहऱ्याच्या आधी दिसते. रंग काढून घेतले की घाण आणि माणूस एकाच करड्या प्रकाशात येतात आणि मग डोळा आपोआप माणसाच्या डोळ्यांकडे जातो. ही आमची समजूत आहे, कलावंताने असे सांगितल्याचा आमचा दावा नाही. पण आम्ही ते फोटो वेगवेगळ्या लोकांना दाखवून पाहिले. एका सुशिक्षित सद्गृहस्थांनी पहिला उद्गार काढला, "शी, किती घाण!" एका महिलेने म्हटले, "बिचारे!" आणि आमच्या वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांचे आयुष्य याच कामात गेले, फोटो बराच वेळ हातात धरून विचारले, "याला बूट का नाही दिले?" फोटो तोच. पहिल्याने वस्तू पाहिली, दुसरीने दया पाहिली, तिसऱ्याने हक्क पाहिला. आम्हांस तिसरे पाहणे सर्वांत अचूक वाटते. कारण त्या चौकटीत नसलेली गोष्ट, म्हणजे बूट, त्यांना दिसली. फोटोत जे नाही ते दिसण्यासाठी त्या कामाची माहिती लागते.

अशा फोटोंचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतात. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. तरीही प्रथा चालूच आहे हे सिद्ध करण्यासाठी सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कोरड्या संडासांचे फोटो व जागेवर जाऊन गोळा केलेली माहिती उपयोगी पडली. "आमच्याकडे असे काही नाही" असे म्हणणाऱ्यांपुढे फोटो ठेवावा लागतो. २०१३ साली नवा कायदा आला, २०१४ च्या निकालाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश झाला व २०२३ साली ती रक्कम तीस लाख करण्यात आली. हे केवळ फोटोंनी झाले असे कोणी म्हणणार नाही, परंतु जे दिसतच नाही त्याला भरपाईही मिळत नाही.

फोटोची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेला किल्लारीचा भूकंप या भागातील पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विसरता येणार नाही. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, पेठसांगवी ही गावे पडली. पाठोपाठ देशभरातून कॅमेरे आले. ते आले म्हणून जगाला कळले व मदत आली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आमच्या ओळखीच्या एका आजींचा फोटो त्या दिवसांत एका वर्तमानपत्रात आला. मातीच्या ढिगाऱ्यापाशी डोक्याला हात लावून बसलेल्या. खाली ओळ होती, सर्वस्व गमावलेली भूकंपग्रस्त वृद्धा. वास्तविक आजींचे घर उमरग्यात शाबूत होते. त्या आमच्या महिला मंडळाबरोबर भाकऱ्या थापायला गेल्या होत्या आणि दमून बसल्या होत्या. कोणीतरी तो अंक त्यांना दाखविला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्या द्यायला गेल्ते रं, ह्यांनी मला मागणारी केलं." पुढे त्या गेल्या. त्यांच्या नातवाने ते कात्रण जपून ठेवले आहे, पण भिंतीवर कधी लावले नाही.

फोटो काढणाऱ्याच्या मनात कपट होते असे आम्ही मानीत नाही. त्याने ढिगारा पाहिला, वृद्धा पाहिली, डोक्यावरचा हात पाहिला आणि मनाने बाकीचे जुळविले. डांबरावरची चकाकी पाहून पाणी म्हणावे तसे. एक प्रश्न विचारला असता, "आजी, तुम्ही कुठल्या?", तर ओळ बदलली असती.

११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. जमाव वायूच्या टँकरला आग लावणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असे समर्थन तेव्हा करण्यात आले. टँकर कोठे उभे होते आणि गोळ्या कोठे चालल्या, हे अंतर महत्त्वाचे होते. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. आनंद पटवर्धन यांच्या २०११ सालच्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटात या प्रश्नाची चिकित्सा आहे. ती आपल्या युवकांनी एकत्र बसून पाहावी. चित्र कोठे काढले, केव्हा काढले, आधी की नंतर, हे प्रश्न केवळ कलेच्या वर्गातले नाहीत.

पुन्हा विहारातील मुलांकडे वळू. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्यासमोर एक फोटो ठेवला. फेब्रुवारी १९३४, राजगृह. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, बाबासाहेबांच्या वडील बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि पुढ्यात लाडका कुत्रा टॉबी. मुलांना सर्वांत आधी काय दिसले? "सर, कुत्रा!" पाच मिनिटे दुसरे कोणी काही बोलेना. आम्हीही रागावलो नाही. आयुष्यभर बाबासाहेबांना व्यासपीठावर व पुतळ्यात पाहिलेल्या त्या मुलांना पहिल्यांदाच कळले की त्यांनाही घर होते, घरात कुत्रा होता. हे कळणे कमी नाही. मग आम्ही विचारले, रमाईंच्या चेहऱ्यावर काय दिसते? कोणी म्हणाले साध्या आहेत, कोणी म्हणाले रागावल्या आहेत. त्यानंतर आम्ही तारीख सांगितली. हा फोटो निघाला आणि सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाईंचे निधन झाले. मुले गप्प झाली. एक मुलगी पुढे येऊन फोटो जवळून पाहू लागली आणि म्हणाली, "आजारी दिसतात." क्षणापूर्वी त्या रागावलेल्या दिसत होत्या. फोटोतील एक रेषही हलली नव्हती. तारीख कळली आणि चेहरा बदलला. मात्र आम्ही तिला एवढेही सांगितले की, आता तुला आजार दिसतो तो कदाचित माझ्या सांगण्यामुळे दिसत असेल. दोन्ही शक्यता मनात ठेव.

याच फोटोतून फक्त बाबासाहेबांचा चेहरा कापून घेतला तर एक चांगली तसबीर होईल, पण घर जाईल. काप घेणे हीसुद्धा एक प्रकारची ओळच आहे, न लिहिलेली.

आज तर परिस्थिती आणखी अवघड झाली आहे. पूर्वी फोटोत लबाडी करायला जॉन्सनसारख्याला दोन निगेटिव्ह व अंधारी खोली लागे. आता संगणकाला तोंडी सांगितले की तो न घडलेल्या प्रसंगाचे चित्र क्षणात बनवून देतो. मोबाईलवर "बाबासाहेबांचा दुर्मिळ फोटो" म्हणून दर आठवड्याला काहीतरी येते. आपली माणसे भक्तिभावाने ते पुढे पाठवितात. त्यात कधी बाबासाहेबांच्या हाताला सहा बोटे असतात, कधी मागच्या पाटीवरील अक्षरे कोणत्याच लिपीतली नसतात, तर कधी जे कधीच भेटले नाहीत ते शेजारी उभे असतात. काहींना हा निरुपद्रवी प्रकार वाटतो. आम्हांस वाटत नाही. ज्या समाजाकडे खऱ्या फोटोंचा साठा मुळातच थोडा आहे, त्याने त्यात बनावट नाणी मिसळू दिली तर उद्या आपला खरा फोटोही लोक खोटा म्हणतील. दीक्षाभूमीवरील जनसागराचा १९५६ चा फोटो कोणी "संगणकाने केला" म्हणून उडवून लावला तर काय करणार? शंका आली तर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालेतील बाविसावा खंड पाहावा. तो चित्रांचाच आहे. तेथे तो फोटो सापडला नाही म्हणजे तो खोटाच असे नव्हे, पण पुढे पाठविण्याआधी, ज्याने पाठविला त्याला "कोठून मिळाला?" एवढे विचारण्यास काय हरकत आहे?

भगवंतांचा तर फोटो नाहीच, आणि महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके मूर्तीही नव्हती. सांची-भारहूतच्या शिल्पांत तथागतांच्या जागी रिकामे आसन, बोधिवृक्ष, धम्मचक्र किंवा पाउलखुणा आहेत. पाहणाऱ्याने ते ओळखायचे. मूर्ती घडल्या त्या पुढे, मथुरा व गांधार येथे. म्हणजे आपल्या भिंतीवरील बुद्धाचा शांत चेहरा हा कोणा कारागिराच्या ध्यानातून उतरलेला आहे. आपल्या धाराशिवच्या लेण्यांचेच पाहा ना. मूळची बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दगड तोच आहे.

जाता जाता आमच्या संस्थेच्या पेटीतील एका फोटोविषयी. पोस्टकार्डाएवढा, कडा वाळवीने खाल्लेला. नऊ पुरुष आणि एक लहान मुलगी, मागे कुडाची भिंत, एकाच्या हातात काठीला बांधलेला झेंडा. फोटो कृष्णधवल असल्याने झेंड्याचा रंग सांगता येत नाही. मागे शाईने काही लिहिलेले होते, ते पाण्याने पुसले आहे. "उमर" एवढीच अक्षरे लागतात. नऊपैकी चौघांची नावे जुन्या लोकांनी सांगितली, पाचव्याबद्दल दोघांची दोन मते आहेत. मुलगी कोण, हे कोणालाच सांगता आले नाही. काहींनी हा फोटो दीक्षेच्या वर्षाचा ठरवून मोठा करून विहारात लावावा असे सुचविले. वर्ष ठरेपर्यंत आम्ही तो लावलेला नाही. मूळ फोटो वंदनेनंतर दर पौर्णिमेला विहारात पाहावयास ठेवला जातो. ज्यांच्या घरी सत्तरी-ऐंशीच्या पुढचे कोणी असेल त्यांनी त्यांना हाताला धरून घेऊन यावे, चष्मा विसरू नये, आणि जे नाव आठवेल ते तेथल्या वहीत, आठवण कोणाची हे नमूद करून, लिहून जावे.